मॉडेल रॉकेट सरळ का उडते आणि किटमध्ये बदल केल्यावर ते का भरकटते

दिवाळीतल्या बाणाची काडी मोडली, तर तो बाटलीतून सुटल्यावर कोणाच्या अंगणात शिरेल याचा नेम नसतो, हे कोल्हापूरच्या कोणत्याही पेठेत वाढलेल्या मुलाला ठाऊक असते. दारू तीच, नळी तीच, वातही तीच. हातभर लांबीची एक हलकी काडी तेवढी गेली आणि तिच्याबरोबर दिशाही गेली. दीड मीटर लांबीच्या आणि दोन-अडीच किलो वजनाच्या मॉडेल रॉकेटची स्थिरता समजून घ्यायची असेल, तर त्या काडीपासूनच सुरुवात करावी, कारण तिथे जे घडते तेच मोठ्या रॉकेटच्या शेपटीकडच्या फिनांपाशी, म्हणजे पंखांसारख्या पात्यांपाशी घडते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे गट गेली काही वर्षे माझ्याकडे किट घेऊन येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : यात याहून मोठी मोटर बसेल का? (मोटर म्हणजे रॉकेटला जोर देणारे, इंधन भरलेले नळकांडे.) बसेल, असेच उत्तर बहुधा द्यावे लागते. मोटरीला नळीच्या मध्यावर धरणाऱ्या लाकडी कड्या कापून, नवी नळी चिकटवून कोणतीही मोटर कोणत्याही नळीत बसवता येते. परंतु ती बसवल्यानंतर हातात उरते ते खोक्यावर छापलेले रॉकेट नसते, तर एक नवे रॉकेट असते आणि त्याची स्थिरता नव्याने सिद्ध करावी लागते. हा लेख त्यासाठी आहे.

आधी संज्ञा स्पष्ट करू. रॉकेट मोटरींना त्यांच्या एकूण आवेगानुसार, म्हणजे जोर आणि तो टिकण्याचा काळ यांच्या गुणाकारानुसार, इंग्रजी अक्षरे दिलेली असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराची कमाल मर्यादा मागच्या अक्षराच्या दुप्पट असते. ‘जी’ वर्गाची मर्यादा १६० न्यूटन-सेकंदांना संपते. त्यापुढचा एच ३२० पर्यंत, आय ६४० पर्यंत, ‘जे’ १२८० पर्यंत, अशी ही शिडी चढत जाते. एचपासून पुढच्या मोटरींना ‘हाय पॉवर’ म्हणतात. अक्षरापुढचा आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये सांगतो. अमेरिकेत अशा मोटरी वापरण्यासाठी नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री किंवा त्रिपोली रॉकेट्री असोसिएशन यांचे प्रमाणपत्र लागते : पहिल्या पातळीवर एच आणि आय, दुसऱ्या पातळीवर जे, के आणि एल, तिसऱ्या पातळीवर एम आणि त्यापुढच्या.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे आणि ती आधीच सांगणे मला आवश्यक वाटते. भारतात स्फोटक पदार्थांचे नियमन १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि २००८ चे स्फोटक नियम यांनुसार होते व त्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्यातच कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीत, म्हणजे शहराला लागूनच आहे. त्यामुळे किट इथे जोडावे, तोलावे, संगणकावर उडवून पाहावे. पण प्रत्यक्ष उड्डाण परवानग्या घेऊन भरवलेल्या स्पर्धेत किंवा मेळाव्यातच, कारखान्यात बनलेल्या प्रमाणित मोटरीवर करावे. उसाचे रान मोकळे झाले म्हणजे उड्डाणाचे मैदान मिळाले असे होत नाही, आणि घरी इंधन तयार करण्याचा विचारही करू नये.

आता मूळ विषयाकडे वळू. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर उंचच उंच सासनकाठ्या नाचवल्या जातात. खालून एक जण काठी पेलतो आणि बाकीचे चारी बाजूंनी दोऱ्या ताणून तिचा तोल राखतात. रॉकेट सरळ ठेवणे म्हणजेही असाच तोल राखणे असावे, आणि म्हणून वजन खाली किंवा जोर वर असला की ते आपोआप सरळ राहील, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. सासनकाठीला पेलणाऱ्याचा आणि जमिनीचा आधार असतो. हवेत गेलेल्या रॉकेटला कसलाच आधार नसतो. ते फिरते ते स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे ज्या बिंदूवर ते समतोल तोलले जाते त्याभोवती, आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ त्याच बिंदूतून जात असल्यामुळे ती रॉकेटला सरळही करू शकत नाही आणि वाकडेही. रॉबर्ट गोडार्ड यांच्यासारख्या संशोधकानेही १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न येथे उडवलेल्या पहिल्या द्रव-इंधन रॉकेटात इंजिन वर आणि टाक्या खाली ठेवल्या होत्या. त्या रचनेने स्थिरता मिळत नाही हे कळल्यावर पुढच्या रॉकेटांत इंजिन मागे गेले.

मग रॉकेटला सरळ करते कोण? हवा. रॉकेट थोडेसे तिरके झाले की समोरून येणारी हवा त्याच्या एका बाजूवर अधिक दाबते. नाकाडावर थोडी, नळीवर अगदी थोडी आणि फिनांवर पुष्कळ, अशी ही आडवी बले वाटलेली असतात. या सर्वांची बेरीज ज्या एका बिंदूवर लागू होते असे मानता येते, तो दाबमध्य. हा दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे, शेपटीच्या बाजूला असेल, तर हवा शेपटीला ढकलून नाक पुन्हा प्रवासाच्या दिशेला आणते. तो पुढे असेल, तर तीच हवा नाकाला आणखी वळवते आणि रॉकेट कोलांट्या खाते. बाणाची काडी हलकी असल्याने गुरुत्वमध्याला ती थोडेसेच मागे नेते, पण तिची लांबी हवेला मागे दूरवर पकड देते आणि दाबमध्य त्याहून कितीतरी अधिक मागे जातो. मोडलेल्या काडीबरोबर नेमका हाच फरक नाहीसा होतो.

या दोन बिंदूंमधले अंतर रॉकेटच्या व्यासाच्या पटीत मोजतात आणि त्या मापाला कॅलिबर म्हणतात. नळीचा व्यास १०० मिलिमीटर आणि अंतर १५० मिलिमीटर असेल, तर स्थिरता दीड कॅलिबर झाली. एक कॅलिबर ही किमान मर्यादा मानली जाते आणि एक ते दोन यांच्या दरम्यान रॉकेट शांतपणे उडते. लांब व सडपातळ रॉकेटांसाठी व्यासाचा हा निकष तोकडा पडतो. तिथे एकूण लांबीच्या सुमारे दहा टक्के अंतर ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. दुसऱ्या टोकालाही अडचण असते. स्थिरता तीन कॅलिबर किंवा त्याहून अधिक झाली, की वाऱ्याची प्रत्येक झुळूक फिनांना ढकलते आणि रॉकेट वारा येतो त्या बाजूला तोंड करून तिरके पळत सुटते.

किट निवडताना रंग आणि उंचीचे दावे बाजूला ठेवून मी चार गोष्टी पाहतो. पहिल्या रॉकेटसाठी नळीचा व्यास ७५ ते १०० मिलिमीटर असावा, कारण जाड रॉकेट कमी उंच जाते, डोळ्यांना दिसत राहते आणि सापडते. फिन प्लायवूडचे असावेत आणि ते नळीच्या पृष्ठभागावर नुसते चिकटवायचे नसून, भिंतीतल्या खाचेतून आत जाऊन मोटरीच्या नळीला टेकणारे असावेत. मोटरीची नळी ३८ मिलिमीटरची असावी, म्हणजे अडॅप्टर घालून २९ मिलिमीटरची लहान मोटरही वापरता येते आणि पुढे नळी बदलण्याची वेळ येत नाही. शेवटची गोष्ट म्हणजे उत्पादकाने दाबमध्याची जागा स्पष्ट दिलेली असावी. फायबरग्लासची किट दिसायला मोहक असतात, पण ती जड असतात, त्यांना मोठी मोटर लागते आणि शिकणाऱ्याच्या चुका ती माफ करत नाहीत. पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूड हेच पहिल्यांदा घ्यावे असे माझे ठाम मत आहे.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा रॉकेटचा व्यास १०० मिलिमीटर, एकूण लांबी १५०० मिलिमीटर आणि त्यातले नाकाड ४०० मिलिमीटरचे आहे. शेपटीला तीन फिन आहेत. प्रत्येकाची नळीलगतची लांबी २५०, बाहेरच्या टोकाची लांबी १०० आणि नळीपासून बाहेर येणारी रुंदी १२० मिलिमीटर आहे. जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या समीकरणांनी हिशोब केला, तर नाकाडाचा वाटा २ येतो आणि तिन्ही फिनांचा मिळून सुमारे ९.८ येतो. म्हणजे आडव्या बलाचा बहुतांश भाग फिनच उचलतात. त्यावरून दाबमध्य नाकाच्या टोकापासून ११६० मिलिमीटरवर पडतो. हा आकडा केवळ बाह्य आकारावर ठरतो. आत काय भरले आहे याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. ओपनरॉकेट ही मोफत आज्ञावली, जी साम्पो निस्कानेन यांच्या फिनलंडमधील २००९ च्या पदव्युत्तर प्रबंधातून पुढे आली, हाच हिशोब क्षणात करून देते.

मोटरीशिवाय रॉकेटचे वजन १८०० ग्रॅम आणि गुरुत्वमध्य ९२० मिलिमीटरवर आहे असे धरू. त्यात २५० ग्रॅमची एच मोटर बसवली, जिचा स्वतःचा मध्य १४०० मिलिमीटरवर येतो, तर एकूण गुरुत्वमध्य ९७८ वर सरकतो. अंतर १८२ मिलिमीटर, म्हणजे स्थिरता १.८ कॅलिबर. हे उत्तम आहे आणि खोक्यातले रॉकेट जसेच्या तसे जोडणाऱ्याला इथे थांबता येते.

विद्यार्थी मात्र थांबत नाहीत. ते मोठ्या मोटरीसाठी जाड कड्या, मोटर अडकवून धरणारे धातूचे रिटेनर आणि सढळ हाताने इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा गोंद, घालतात; हे १५० ग्रॅम १३५० मिलिमीटरच्या आसपास येतात. फिन मजबूत व्हावेत म्हणून त्यांच्यावर काचेचे कापड आणि राळ चढवतात. आणखी १०० ग्रॅम १३७० वर येतात. आणि मग ५५० ग्रॅमची आय मोटर येते, जिचा मध्यही १३७० वर असतो. यातला प्रत्येक बदल वेगवेगळा पाहिला तर समजूतदारपणाचा आहे, पण सगळे वजन शेपटीत गेले आहे. आता एकूण २६०० ग्रॅम आणि गुरुत्वमध्य १०५७ वर. दाबमध्य होता तिथेच, ११६० वर आहे. १.८ कॅलिबरची स्थिरता १.०३ वर घसरली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला रॉकेटमध्ये काहीही बदललेले दिसत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका गटाने जवळपास असेच रॉकेट बनवले होते आणि संगणकातील हिशोबात त्यांनी किटच्या कागदावरचा गुरुत्वमध्य घातला होता. पडद्यावरचा आकडा सुंदर होता. रॉकेट सुतळीच्या फाशात टांगून तोलले, तेव्हा ते चार बोटे मागे तोलले गेले. त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात, आणि त्यांनी ते रॉकेट तसेच स्पर्धेला नेले नाही याचे समाधानही आठवते.

दुरुस्तीचे मार्ग दोनच आहेत : गुरुत्वमध्य पुढे आणणे किंवा दाबमध्य मागे नेणे. पहिल्यासाठी नाकाडात वजन घालतात. वरच्या उदाहरणात स्थिरता दीड कॅलिबरवर आणायची, तर गुरुत्वमध्य १०१० वर यायला हवा. हे वजन नाकाडाच्या टोकाजवळ, १५० मिलिमीटरवर ठेवले तर सुमारे १४३ ग्रॅम पुरतात. तेच नाकाडाच्या बुडाशी, ४०० मिलिमीटरवर ठेवले तर २०० ग्रॅम लागतात. तरफेचा हा नियम तराजू वापरणाऱ्या कोणालाही परका नाही. वजन जितके पुढे, तितके कमी पुरते, आणि कमी वजन म्हणजे मोटरीवर कमी भार.

दुसऱ्या मार्गात फिन मोठे करतात. याच रॉकेटच्या फिनांची रुंदी १२० ऐवजी १४० मिलिमीटर केली, तर दाबमध्य ११६० वरून १२०० वर जातो. पाच मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचे वाढीव वजन सुमारे ३५ ग्रॅम होते आणि त्याने गुरुत्वमध्य अवघा ४ मिलिमीटर मागे येतो. म्हणजे बोटभर रुंदीने स्थिरता १.०३ वरून जवळजवळ १.४ झाली, आणि आता दीड कॅलिबर गाठायला नाकाडात फक्त ३५ ग्रॅमच्या आसपास वजन लागेल. म्हणून फिन अजून चिकटवले नसतील तर मी आधी फिनांकडे जाण्याचा सल्ला देतो, आणि रॉकेट पूर्ण झाले असेल तर नाकाडाकडे. नळी लांब करणे हा तिसरा मार्ग वाटतो, पण त्यात दोन्ही बिंदू मागे सरकतात आणि निव्वळ लाभ खर्चाच्या मानाने थोडाच होतो.

फिन रुंद करताना एक धोका लक्षात ठेवावा लागतो. वेग वाढला की पातळ आणि रुंद फिन वाऱ्यातल्या पताकेसारखे फडफडू लागतात, आणि ही फडफड क्षणात फिन उपटून टाकू शकते. फिन गेला की दाबमध्य झपाट्याने पुढे येतो आणि पुढचे सांगायला नको. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३ मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटरचे प्लायवूड घेतले तर फिन साडेचारपटींहून अधिक ताठ होतो. माझ्या मते काचेचे कापड चढवण्यापेक्षा योग्य जाडीचे प्लायवूड घेणे सोपे आहे आणि वजनाचा अंदाजही त्यात नीट बांधता येतो. फिन आणि नळी यांच्या सांध्यात इपॉक्सीची गोलसर पट्टी द्यावी, पण ती बोटाने ओढून गुळगुळीत केलेली, बेताची असावी. जास्तीची इपॉक्सी ताकद फारशी वाढवत नाही, फक्त शेपटी जड करते. तिन्ही फिन १२० अंशांवर बसावेत म्हणून नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे तीन समान भाग करावेत आणि उभ्या रेषा दरवाजाच्या चौकटीच्या किंवा लोखंडी अँगलच्या कोपऱ्यात नळी ठेवून ओढाव्यात.

नाकाडातल्या वजनाबद्दलही थोडे सविस्तर सांगायला हवे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कागदावर आकृती काढून दिली की संध्याकाळपर्यंत काहीही लेथवर वळवून मिळते, आणि त्यामुळे घन पोलादी टोक करून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. पॅराशूट उघडले नाही तर तेच टोक भाल्यासारखे खाली येते. हाय पॉवर रॉकेटच्या सुरक्षा संहितांमध्येही कागद, लाकूड, रबर, प्लास्टिक, फायबरग्लास आणि गरजेपुरताच मऊ, लवचिक धातू एवढेच साहित्य मान्य आहे. वजनासाठी शिशाचे छर्रे किंवा वॉशर नाकाडाच्या आत बसवावेत. प्लास्टिकच्या नाकाडांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि इपॉक्सी त्याला नीट धरत नाही, म्हणून आतली बाजू खरवडून, आरपार एक-दोन स्क्रू घालून त्यांभोवती इपॉक्सी ओतावी. तसे न केल्यास पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या स्फोटाच्या झटक्याने गोळा सुटतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे नाकाडात आट्यांचा एक दांडा पक्का बसवून त्यावर वॉशर चढवणे आणि नटाने आवळणे. मोटर बदलली की वजनही बदलता येते. वाढलेल्या वजनाला पॅराशूट पुरते का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.

एवढे करूनही एक गोष्ट उरते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फिनांना काम करायला हवेचा वेग लागतो. रॉकेट उभे असताना फिन म्हणजे नुसत्या फळ्या असतात. म्हणून सुरुवातीच्या अंतरात लाँच रेल, म्हणजे ज्यावरून रॉकेट वर सरकते तो उभा रूळ, त्याला धरून ठेवते, आणि रेल सोडताना वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर तरी असावा लागतो. सुरुवातीचा जोर वजनाच्या किमान पाचपट असावा असा नियम प्रचलित आहे. आपल्या उदाहरणात १४३ ग्रॅम वजन घातल्यावर रॉकेट २७४३ ग्रॅमचे होते, म्हणजे पाचपटीला सुमारे १३५ न्यूटन लागतील. परंतु रेलवर प्रत्यक्ष १.८ मीटरच अंतर मिळत असेल, तर या जोराने वेग १२ मीटरच्या आसपासच पोचतो. जोर आठपट असेल तर तोच वेग साडेपंधराच्या पुढे जातो. म्हणून मोठ्या आवेगाच्या पण मंद जळणाऱ्या मोटरीपेक्षा, सुरुवातीला जोरदार धक्का देणारी मोटर जड रॉकेटसाठी बरी.

वारा असेल तर हा फरक अधिक बोचतो. सेकंदाला ५ मीटर वेगाचा आडवा वारा हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर नेहमीचाच. रेल सोडताना रॉकेटचा वेग १२ असेल, तर हवा त्याला साडेबावीस अंश तिरकी भेटते. वेग १६ असेल तर सतरा अंशांच्या आसपास. बॅरोमन यांची समीकरणे लहान कोनांसाठी आहेत. कोन मोठा झाला की लांब नळीवरही हवेचे बल पडू लागते आणि दाबमध्य पुढे सरकतो, म्हणजे कागदावरचा एक कॅलिबर नेमका त्याच क्षणी कमी होतो, जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते. दीड कॅलिबरचा माझा आग्रह यासाठीच आहे. इंधन जळत जाते तसे शेपटीचे वजन कमी होऊन गुरुत्वमध्य पुढे येतो आणि स्थिरता वाढते, त्यामुळे रेल सोडण्याचा क्षण ओलांडला की चिंता बरीचशी मिटते.

तोलण्याचे काम उड्डाणाच्या ठिकाणी, सगळे आत भरून झाल्यावर पुन्हा करावे : न पेटवलेली, प्रज्वलक न लावलेली मोटर, घडी घातलेले पॅराशूट, अग्निरोधक कापड, दोर, बॅटरी, उंचीमापक, सगळे. रॉकेट सुतळीच्या फाशात आडवे टांगावे, ते समतल राहील तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि दाबमध्याची खूण आधीच केलेली असेल तिच्यापासूनचे अंतर पट्टीने मोजावे. मग नाकाड दोराने बांधलेले आहे ना, रॉकेटला रेलवर धरणाऱ्या गुंड्या एका रेषेत आहेत ना, हे पाहून रॉकेट रेलवर चढवावे. प्रज्वलक त्यानंतर लावावा, रॉकेट आकाशाकडे उभे झाल्यावर.